गुलाबी बॉनेट आणि शोभाची सही

"हा पांढरा आहे का? तुम्हीच सांगा, हा पांढरा आहे का?"

सदलगे सर बॉनेटवर बोट आपटून विचारत होते. खरं सांगायचं तर नव्हता. निपाणीहून हायवेने आलेली ती जुनी छोटी गाडी आमच्या वर्कशॉपच्या दारात उभी होती आणि तिचं बॉनेट लग्नातल्या फेट्याइतकं गुलाबी झालं होतं. छपरावर फिकट पट्टे होते, दारांवर त्याहून फिकट. आमची पोरं हातातली कामं टाकून बघायला आली. मी त्यांना हाकललं आणि स्वतः मात्र बघत उभा राहिलो.

मी परशराम. बेळगावात खानापूर रोडच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये पेंट फोरमन आहे. गाड्या रंगवण्यात तेहतीस वर्षं गेली. वर्कशॉपचं नाव सांगणार नाही, कारण मालक अजून तेच आहेत आणि मीही अजून तिथेच आहे. ही गोष्ट मी हसत सांगावी असं बऱ्याच जणांना वाटतं. गुलाबी बॉनेट म्हटलं की माणसं हसतात. मला अजून हसू येत नाही, रागच येतो.

सर पहिल्यांदा आले ते त्याच्या महिनाभर आधी. निपाणीच्या एका पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला शिकवतात, पंचावन्नच्या आसपासचे, बोलायला नीटनेटके. गाडीला पंधरा वर्षं होत आली होती. पंधरा वर्षं झाली की आरटीओ गाडी परत तपासून बघतं, मगच पुढची नोंदणी मिळते. सरांच्या गाडीचा रंग जागोजागी उडाला होता, दोन दारांना खालून गंज धरला होता. "तपासणीच्या आधी गाडी नीट दिसायला हवी," म्हणाले. मी गाडीभोवती फिरून एस्टिमेट सांगितलं.

ते ऐकून त्यांनी विचारलं, "आणि मी स्वतः केलं तर?"

आमच्या धंद्यात या प्रश्नावर बहुतेक लोक तोंड वाकडं करतात. मी करत नाही. ज्याला हौस आहे, वेळ आहे आणि घासायचा कंटाळा नाही, त्याने एका रंगाची साधी गाडी घरी रंगवायला माझी हरकत नसते. मेटॅलिक असेल तर मी हात जोडतो, कारण त्यात चमक सगळीकडे सारखी बसवणं नवख्याला जमत नाही. पण साधा पांढरा जमू शकतो. मी सरांना तसंच सांगितलं. त्यांनी खिशातून डायरी काढली.

तासभर मी त्या माणसाला शिकवत होतो. गंज पत्र्यापर्यंत घासून काढा. खड्ड्यात पुटी भरा, वाळली की घासा. मग प्रायमर, म्हणजे रंगाच्या खालचा राखाडी थर. रंग त्याला धरून बसतो. प्रायमर वाळला की बारीक कागदाने घासा. रंग मारायच्या आधी थिनरच्या स्वच्छ फडक्याने गाडी पुसा, हाताचं तेल राहिलं तर रंग फाटतो. फडकं बदलत राहा. रंगात तो कडक करणारा हार्डनर घातला की तोंडाला साधा रुमाल बांधून मारू नका, फिल्टरचा मास्क घ्या, छातीत गेलं तर आयुष्यभराचं दुखणं आहे. सरांनी सगळं लिहून घेतलं. मला बरं वाटलं. शिकवणारा माणूस शिकायला आलाय, असं वाटलं.

रंग मात्र त्यांनी आमच्याकडूनच घेतला. इथे शोभा येते.

शोभा जवळच्याच बेळगुंदी गावची. बारावी सायन्स, लग्नानंतर नोकरीला लागलेली, आमच्या मिक्सिंग रूममध्ये नऊ वर्षं. मिक्सिंग म्हणजे गाडीचा नेमका शेड वजन करून बनवणं. काट्यावर डबा ठेवायचा आणि कोडप्रमाणे एकेक रंग थेंबाथेंबाने सोडायचा. बाहेरच्या माणसाला वाटतं, पांढऱ्यात काय बनवायचंय? पण कुठल्याही गाडीचा पांढरा नुसता पांढरा नसतो. त्यात चिमूटभर काळा असतो, थोडा पिवळा असतो, एखाद्या शेडमध्ये लाल ऑक्साइडचे चार थेंबही असतात. तसं नसेल तर नवीन रंगवलेलं दार जुन्या गाडीवर चुन्यासारखं उठून दिसतं. सरांच्या शेडमध्ये तो लाल ऑक्साइड होता. डब्यावरच्या लेबलवर सगळं छापलेलं असतं, कुठला रंग किती ग्रॅम. शोभाने डबा बनवला, कार्डावर मारून जुन्या रंगाशी जुळवून दाखवला. सरांनी मान डोलावली आणि गेले.

तीन आठवड्यांनी ते परत आले, आणखी एक डबा घेऊन गेले. "थोडा कमी पडला," एवढंच म्हणाले. मी रंग मारायच्या बूथमध्ये होतो, फार बोललो नाही. आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांनी ते गुलाबी बॉनेट दारात.

"दोन्ही डबे वापरले," सर मालकांना सांगत होते. "पहिल्या वेळी मारला, दोन दिवसांत गुलाबी. घासला, परत मारला. परत गुलाबी. पुढच्या आठवड्यात माझी आरटीओची तारीख आहे. कागदावर गाडी पांढरी आणि मी ही घेऊन जाऊ?" मग अर्धा उरलेला दुसरा डबा पुढे केला आणि लेबलवर बोट ठेवलं. "हे बघा. रेड ऑक्साइड. पांढऱ्या रंगात लाल घातलाय तुमच्या बाईंनी!"

मालकांना रंगातलं काही कळत नाही. ते वाईट म्हणून सांगत नाही, त्यांचं काम गिऱ्हाईक आणणं, आमचं काम रंग. पण त्यांना हे पक्कं ठाऊक होतं की सरांच्या धाकट्या भावाच्या शाळेच्या गाड्या दरवर्षी आमच्याकडे रंगवायला येतात. लेबलवर 'लाल' हा शब्द दिसला आणि त्यांनी शोभाला ऑफिसात बोलावलं. मलाही.

"हे तू घातलंस?"

"व्हय मालक. फॉर्म्युल्यातच हाय ते. चार थेंब."

"चारच कशावरून? बॉनेट बघितलंस बाहेर?"

"काट्यावर बघून घालते की मी. रोज घालते."

"रोज घालतेस म्हणूनच लक्ष राहिलं नसेल." मालक कॉम्प्युटरवर बसलेल्या क्लार्ककडे वळले. "एक लेटर टाइप कर. मिक्सिंगमध्ये चूक झाली, मान्य आहे, असं. सरांना कॉपी दिली की त्यांचं समाधान होईल. आणि शोभा, तू काही दिवस घरीच थांब. मी सांगेन तेव्हा ये."

शोभाने तो इंग्रजी कागद सगळा वाचला. तिला वाचता येतं, तेच तर जास्त वाईट झालं. मग तिने माझ्याकडे बघितलं.

मी खिडकीतून गाडीकडे बघत होतो. नऊ वर्षांत या बाईच्या हातून चुकीचं माप गेलेलं मी बघितलेलं नव्हतं. चार थेंबांच्या जागी चाळीस गेले असते तरी पांढरा रंग असा लग्नाच्या फेट्यासारखा झाला नसता, मळकट झाला असता, हे मला तिथेच, त्या क्षणी कळत होतं. आणि मी मूग गिळून उभा राहिलो. मालकांपुढे बोलायचं नाही ही तेहतीस वर्षांची सवय. शोभाने सही केली, पेन परत जागेवर ठेवलं आणि डबा घेऊन बेळगुंदीच्या बसला गेली. जेवणाचा डबा, न उघडलेला.

त्या दुपारी माझं डोकं असं फिरलं की मी एका गाडीचा बंपर दोनदा उगीच घासला. मग सरळ तो उरलेला रंग घेतला, हार्डनर घातला आणि एका कोऱ्या कार्डावर मारला. दुसरा हात सरांच्या बॉनेटच्या एका कोपऱ्यावर मारला. दोन्ही एकाच डब्यातले, एकाच फवारायच्या गनने, एकाच वेळी. तासाभरात बॉनेटचा कोपरा गुलाबी पडायला लागला. कार्ड दुसऱ्या दिवशीही पांढरंशुभ्र होतं.

म्हणजे रंग निर्दोष. लाल खालून वर येत होता.

याला आमच्यात ब्लीडिंग म्हणतात. काही रंग मातीसारखे असतात, ऑक्साइड त्यातलाच. तो थिनरमध्ये विरघळत नाही, जिथे बसला तिथे बसतो. काही रंग मात्र शाईसारखे विरघळतात. असा रंग खालच्या थरात राहिला की वरून तुम्ही पांढऱ्याचे दहा हात मारा, प्रत्येक हातातल्या थिनरमध्ये तो विरघळतो आणि वर चढतो. थांबतच नाही. मी बॉनेटवरचा रंग एका जागी प्रायमरपर्यंत घासला, पांढरं फडकं थिनरमध्ये बुडवून तिथे चोळलं. फडकं गुलाबी.

ते फडकं आणि कार्ड घेऊन मी मालकांकडे गेलो.

"मालक, रंगात कायबी न्हाय. सरांच्या प्रायमरमध्ये काहीतरी पडलंय."

"काय पडलंय?"

"ते न्हाय ठाऊक अजून."

"मग झालं तर. सर शांत झालेत. गाडी आपण करून देतोय, तारखेआधी. मिटलंय ते उकरू नकोस."

"पण शोभा घरात बसलीय."

"बसू दे चार दिवस. आराम."

आराम! बेळगुंदीतल्या बाईला नोकरीवरून घरी बसवलं तर गावात काय बोलतात, हे मालकांना कोणी सांगायचं? मी सांगितलं नाही. पण रविवारी सकाळी निपाणीची बस धरली. सर प्रायमर नेमका कुठे मारत होते ते बघायचं होतं.

वाटेत माझा संशय तंबाखूवर होता. निपाणीत जुनी मोकळी खोली म्हटली की ती कधीकाळी तंबाखूची असणार हे धरूनच चालायचं, आणि ती धूळ ओल्या प्रायमरवर बसली तर डाग पडणारच. सरांच्या घरामागे तशीच पत्र्याची खोली निघाली. वास अजून होता. पण तंबाखूचा डाग तपकिरी पडतो, गुलाबी कुठून येणार? मी भिंती बघितल्या, जमीन बघितली, भाड्याचा कंप्रेसर बघितला. सगळं स्वच्छ, झाडून घेतलेलं, छताला प्लास्टिक ताणलेलं. मनातल्या मनात मला मान्य करावं लागलं की माणसाने काम मन लावून केलं होतं. वर्कशॉपमध्ये बघितलेल्या त्या बॉनेटवरही रंगाचा एक ओघळ नव्हता. हात चांगला होता.

"कोण हवंय?" मागून आवाज आला. सरांच्या थोरल्या आक्का, सत्तरीच्या. घर त्याच चालवतात. मी बेळगावहून गाडीच्या रंगासाठी आलोय म्हटल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली आणि चहा टाकायला आत गेल्या. बाहेर आल्या त्या बोलतच.

"तुमी तरी सांगा, काय झालं असंल त्या गाडीला? एवढं चांगलं सुरू केलतं. आमी काय तसंच न्हाय सुरू केलं, देवाचं नाव घेऊन केलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? कामाला सुरवात करायची आन् कुंकू न्हाय लावायचं व्हय? ते राखाडी मारून झालं, उद्या रंग मारणार म्हणला. म्या म्हटलं, थांब रं. चांगलं ओलं कुंकू कालवून बॉनेटवर ठसठशीत स्वस्तिक काढलं. दारांना बी एकेक टिकली."

मी चहाचा कप खाली ठेवला.

आता मला कोणी चुकीचं समजू नये. कुंकू आम्हीही लावतो. खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमधल्या प्रत्येक गाडीला, कंप्रेसरला, गनला लागतं. पण आमच्याकडे ते काचेवर लागतं. नंबरप्लेटवर लागतं. उघड्या प्रायमरवर कोणी बोट टेकवत नाही, कारण बाजारातल्या बऱ्याच कुंकवात तो विरघळणारा रंग असतो आणि प्रायमर तो टीपकागदासारखा पितो. हे आमच्या धंद्यात शिकाऊ मुलगा पहिल्या दसऱ्याला शिकतो. आक्कांना ते कुठून ठाऊक असणार? त्यांचा काहीच दोष नव्हता. त्यांनी त्यांचं काम केलं होतं.

"मग सरांनी ते पुसलं?" मी विचारलं.

"पुसलं की. जात नव्हतं म्हणून त्या वासाच्या पाण्यानं पुसलं."

तेवढ्यात सर पिशवी घेऊन बाजारातून आले. मला बघून दारातच थांबले.

"तुम्ही इथे?"

"तक्रार तुमचीच हाय सर. बघायला आलतो. कुंकू थिनरनं पुसलं?"

"हो. त्याचं काय?"

"आणि मग त्याच फडक्यानं सगळी गाडी?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"फडकं बदला म्हणून सांगितलतं मी. तुम्ही लिहून घेतलतं."

"अहो, आता एका गाडीला मी चार-चार फडकी घेऊन बसू का?"

"सर, तुम्ही काय शिकवता कॉलेजात?"

"केमिस्ट्री," ते म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. तरी आक्का समोर होत्या म्हणून मी आवाज खाली ठेवला. "एकच विचारतो. पहिल्यांदा बॉनेट गुलाबी झालं तेव्हा तुमच्या डोक्यात कुंकू आलं होतं का न्हाय?"

सरांनी पिशवी खाली ठेवली. भाजी सरळ केली. "आलं होतं," म्हणाले. "पण खात्री नव्हती. आणि मग डब्यावर रेड ऑक्साइड लिहिलेलं दिसलं. म्हटलं, तेही असू शकतं."

तेही असू शकतं. ऑक्साइड विरघळत नाही हे जो माणूस मुलांना फळ्यावर लिहून देतो, तो म्हणतो तेही असू शकतं! त्याला दोन कारणं दिसत होती. एक आपल्या घरातलं आणि एक लेबलवरचं. त्याने लेबलवरचं उचललं आणि पंचाहत्तर किलोमीटर गाडी चालवत आमच्या दारात आणलं. त्याच्या हातून चूक झाली याचा मला राग नाही. चुका माझ्याही हातून झाल्यात, एका गाडीला मी चक्क दुसऱ्याच गाडीचा शेड मारलेला आहे. मला राग आहे तो त्या 'तेही असू शकतं'चा.

"त्या रंग बनवणाऱ्या बाईला घरात बसवलंय," मी आक्कांकडे बघून सांगितलं. "तिच्याकडनं चूक झाली म्हणून लिहून घेतलंय. नऊ वर्षांची नोकरी हाय तिची."

आक्कांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या भावाकडे वळल्या. "कुंकू माझं, फडकं तुझं, आन् शिक्षा त्या बाईला? फोन कर आत्ताच्या आत्ता."

सरांनी माझ्यासमोर मालकांना फोन लावला. "नमस्कार. हो, हो... ते रंगाचं... थोडा गैरसमज झाला बघा. दोन्ही बाजूंनी."

"दोन्ही कुठल्या बाजू, सर?" मी मोठ्याने म्हणालो. त्यांनी फोनवर हात ठेवला, मग काढला, आणि पलीकडच्या बोलण्यावर "हो, हो" करत राहिले. आक्कांनी मला चिवड्याची पुडी बांधून दिली. ती मी बसमध्ये शेजारच्या माणसाला दिली.

सोमवारी मालक खुशीत होते. "मिटलं की रे परशराम! सरांचा फोन आला. शोभाला सांग, उद्यापासून ये म्हणून."

"तो कागद द्या मालक. तिला नेऊन देतो."

"कुठला?"

"सही घेतलेला."

"ते राहू दे फाईलला. कागदानं काय होतंय? उद्या परत काही निघालं तर आपल्याकडे काहीतरी असलेलं बरं."

"खोटा हाय तो कागद."

"परशराम," मालक शांतपणे म्हणाले, "तू रंगाचं बघ."

मी ते पांढरं कार्ड आणि गुलाबी फडकं त्यांच्या टेबलावर ठेवलं. रंगाचंच होतं. त्यांनी टेबलाला डाग लागू नये म्हणून पेनच्या टोकाने फडकं बाजूला सरकवलं आणि फोन उचलला.

संध्याकाळी मी स्कूटरने बेळगुंदीला गेलो. शोभा घरासमोर रताळी निवडत बसली होती, मोठी एकीकडे, बारकी एकीकडे. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. कार्ड, फडकं, तंबाखूची खोली, आक्का, स्वस्तिक. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर हसेल.

"कुंकू व्हय?" एवढंच म्हणाली. मग एक रताळं हातात फिरवत, "अण्णा, इतके दिवस रोज डोक्यात तो काटा चालू होता माझ्या. चार थेंब घातले का जास्ती, चार का जास्ती. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, घातले असतील मी."

"मालकांनी उद्यापासून बोलावलंय," मी म्हणालो.

"कागद दिला?"

"न्हाय. फाईललाच हाय."

"मग मी न्हाय येत."

"अगं, पण आता सगळ्यांस्नी कळलंय—"

"कुणाला कळलंय? तुमाला, मला, आन् निपाणीच्या आक्कांना. कागदावर माझी सही हाय." तिने एक कुजकं रताळं मागे फेकलं. "एक विचारू अण्णा? त्या दिवशी तुमाला ठाऊक होतं न्हवं, माझं माप चुकलं न्हाय म्हणून?"

"व्हय."

"मग बोललासा का न्हाय?"

"मालक होते समोर."

"मालक माझ्याबी समोरच होते, अण्णा." आणि ती परत रताळी निवडायला लागली.

मी स्कूटर काढली तेव्हा तिने "सावकाश जावा" म्हटलं, नेहमीसारखं. ती आमच्याकडे परत आली नाही. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एका पेंटच्या दुकानात मिक्सिंग करते. आमच्याकडे मशीनवर नवीन मुलगा आहे, त्याचे शेड आठवड्याला एकदोनदा तरी फिरतात. अवघड शेड असला की मी गिऱ्हाइकाला गुपचूप तिच्या दुकानाचा पत्ता देतो. मालकांना ते ठाऊक आहे की नाही, ठाऊक नाही. कागद अजून फाईलमध्ये आहे. दोनदा मागितला, दोन्ही वेळा उत्तर तेच मिळालं.

सरांची गाडी मीच केली. पत्र्यापर्यंत उघडी केली, ब्लीडिंग अडवणारा सीलर मारला, वर पांढरा. तो रंग शोभाच्याच दुसऱ्या डब्यातला होता, कमी पडला तेवढा नवीन बनवला. गाडी तारखेला पास झाली. सर आता कॉलेजात सगळ्यांना सांगतात म्हणे की गाडीचा रंग स्वतः करायच्या भानगडीत पडू नका, प्रोफेशनल तो प्रोफेशनल. हे ऐकलं की माझं डोकं पुन्हा तापतं. काम त्यांना उत्तम जमत होतं. जमलं नाही ते वेगळंच होतं, आणि ते आमच्या वर्कशॉपमध्ये, प्रोफेशनल म्हणवणाऱ्या आम्हा दोघा-तिघांनाही जमलं नाही.

अजूनही महिन्यातून एखादं गिऱ्हाईक येतं, एस्टिमेट ऐकतं आणि विचारतं, "मी स्वतः केलं तर?" मी प्रायमर सांगतो, मास्क सांगतो, फडकी मोजून चार घ्या म्हणतो, कुंकू लावायचं असेल तर काचेवर लावा म्हणतो. आणि शेवटी सांगतो, रंग स्वतः मारायचा असेल तर खुशाल मारा. चूक झाली तर तीही स्वतःचीच ठेवा.